कागदावरची मोटर

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. हा सारा मुलूख धानाचा. रोवणीच्या दिवसांत पावसाने ओढ दिली आणि नेमकी पंपाची मोटर जळली, तर वाइंडरकडे नंबर लागेपर्यंत बांधीतला चिखल भेगाळतो. म्हणून मोटरीची परीक्षा शेतात व्हायच्या आधी कागदावर व्हावी, ही इंजिनियरांची जुनी धडपड. तिचीच ही हकिगत.

आपल्या पंपावर असते त्या जातीची तीन फेजची मोटर डोब्रोवोल्स्की यांनी १८८९ साली बर्लिनमध्ये केली. पाचच वर्षांनी, १८९४ साली, हेलँड यांनी तिच्यासाठी एक वर्तुळ काढले. भार किती आणि वीज किती, हे त्या वर्तुळावर पट्टी ठेवून मोजता येई. किती साधी युक्ती! पण ती संथ चाललेल्या मोटरीची. बटण दाबल्यावर पहिल्या क्षणांत काय उलथापालथ होते, ते वर्तुळाला ठाऊक नव्हते.

ते गणित सोपे केले अमेरिकेच्या पार्क यांनी, १९२९ साली. जत्रेतला रहाटपाळणा खालून पाहिला तर डोळे फिरतात. पण आपणच पाळण्यात बसलो, तर समोरचा सोबती जागच्या जागी दिसतो. पार्क यांनी यंत्राच्या फिरत्या भागावर बसून हिशेब मांडला. तो मुळात जनित्रासाठी होता. १९३८ साली स्टॅन्ली यांनी आपल्या जातीच्या मोटरीचे गणित मांडले. पुढे १९७१च्या सुमारास जर्मनीत ब्लाश्के यांनी याच दृष्टीने मोटर काबूत ठेवण्याची रीत दिली. १९७१ सालीच पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. आज सौर पंपाच्या पेटीत जो नियंत्रक असतो, त्याचे कूळ इथले.

आता संगणकातली मोटर बिघडते म्हणजे काय? धूर निघत नाही, वास येत नाही. आकडे तेवढे खोटे येतात. जाणता माणूस आधी नियंत्रक बाजूला काढतो आणि मोटर भाराशिवाय सरळ ५० आवर्तनांच्या विजेवर चालवतो. चार ध्रुवांची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जवळ यायला हवी. ७५० आल्या, तर चार ध्रुवांऐवजी चार जोड्या लिहिल्या गेल्या, हे समजावे. ही चूक मोठमोठ्यांच्या हातून होते बरं का!

मग नियंत्रक जोडायचा. तो सतत पाहत नाही, ठरावीक वेळाने डोकावतो. सेकंदाला दहा हजार वेळा म्हटले, तरी मधला वेळ आंधळाच. हा उशीर गणितात धरला नाही, तर संगणकात मोटर गुण्यागोविंदाने चालते आणि बाकावर थरथरते.

सर्वांत फसवी गोष्ट उष्णतेची. रोटरच्या अॅल्युमिनियमचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तो ५० अंश तापला की विरोध २० टक्क्यांनी चढतो. गणितात मात्र सकाळी थंड मोटरीवर मोजलेला आकडा बसलेला. मग दुपारच्या उन्हात नियंत्रकाचा अंदाज चुकतो, चुंबकत्व कमीजास्त होते, तेवढ्याच पाण्यासाठी वीज जास्त जाते. म्हणून हे प्रयोग दोनदा करतात, एकदा थंड आकड्यावर आणि एकदा तापलेल्या. काही नियंत्रक तर चालू मोटरीच्या विजेवरूनच तिच्या रोटरचा विरोध ओळखतात आणि आपला आकडा वरचेवर बदलत राहतात.