निजलेल्या माणसाचा लेखाजोखा

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने निद्राशास्त्रावर काय बोलावे, असे कोणी विचारील. रात्रपाळीत डोळा लागलेल्या माणसांच्या चौकशा मी अनेक वर्षे लढविल्या, एवढाच माझा अधिकार. आरोपपत्रात ‘कामावर झोपला’ इतकेच असते. त्या झोपेत आळस किती व आजार किती, हे त्यात कधी लिहिलेले नसते.

ते शोधण्याची खटपट मात्र जुनी आहे. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्-लहरी टिपल्या. १९५३ साली शिकागोचे अ‍ॅसेरिन्स्की व क्लाइटमन यांनी दाखविले की, झोपेच्या एका अवस्थेत मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरत असतात. पुढे १९६८ साली रेख्टशाफेन व केल्स यांनी वाचनाचे नियम बांधून दिले. रात्रीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे पाडावयाचे आणि प्रत्येकावर झोपेची अवस्था लिहावयाची. आठ तासांचे तुकडे झाले ९६०! कागद सेकंदाला एक सेंटिमीटर सरकला, तरी एका रात्रीची पट्टी २८८ मीटर भरते. ती डोळ्यांनी वाचणाऱ्या तंत्रज्ञांची नावे कोणत्याही इतिहासात सापडावयाची नाहीत.

त्या वाचनाला किती महत्त्व होते ते पाहा. झोपेत वारंवार श्वास अडकण्याच्या विकारावर सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली, नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय प्रसिद्ध केला. १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ६०२ नोकरदारांची झोप तपासल्याचे प्रसिद्ध झाले. तीस ते साठ वयाच्या पुरुषांत २४ टक्के व स्त्रियांत ९ टक्के लोकांचा श्वास ताशी पाच वा अधिक वेळा अडखळत होता. दिवसाही पेंग येण्याइतका विकार पुरुषांत ४ टक्के व स्त्रियांत २ टक्के होता. म्हणजे उपाय होता आणि रोगीही कामावर हजर होते; अडत होते ते निदानापाशी.

तेव्हा यंत्राला वाचावयास शिकविण्याचे ठरले. २००० साली एक जाहीर स्पर्धा झाली. हृदयाच्या ७० आलेखांपैकी पस्तीस उत्तरांसह दिले, पस्तीस उत्तरांवाचून. पहिल्यांवरून शिकावयाचे व दुसऱ्यांत श्वासाची अडवणूक ओळखावयाची. पण ती उत्तरे लिहिली कोणी? माणसांनीच! आणि माणसांचेही एकमत नसते. २०१३ सालच्या एका पाहणीत जुळणी सरासरी सुमारे ८३ टक्के भरली. म्हणून २०१८ साली स्टॅनफर्ड व डेन्मार्क येथील संशोधकांनी यंत्राची परीक्षा सहा तंत्रज्ञांच्या एकत्रित निर्णयाशी घेतली. त्या निर्णयाशी यंत्र कोणाही एकट्या तंत्रज्ञापेक्षा अधिक जुळले. मला यात यंत्राचा चमत्कार दिसत नाही, पंचांची शिकवण दिसते.

त्याच यंत्राने नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप आणणारा आजार, एका रात्रीच्या नोंदीवरून ओळखून दाखविला. रूढ पद्धतीत रात्रीच्या तपासणीनंतर दुसऱ्या दिवशीही दर दोन तासांनी रोग्याला निजवून पाहतात. रोजंदारीवरच्या माणसाचा तो दिवस बुडतो.