मॅन्ली, मायकेल

मॅन्ली, मायकेल नॉर्मन : (१० डिसेंबर १९२४ – ६ मार्च १९९७). जमैकाचे पंतप्रधान (१९७२–८० व १९८९–९२), कामगार नेते, पत्रकार व लेखक. जन्म किंग्स्टनलगतच्या सेंट अँड्र्यू परगण्यात. वडील नॉर्मन मॅन्ली नामांकित वकील. पीपल्स नॅशनल पार्टीचे (पीएनपी) संस्थापक आणि पुढे जमैकाचे मुख्यमंत्री. आई एडना शिल्पकार होत्या. प्रतिस्पर्धी जमैका लेबर पार्टीचे संस्थापक अलेक्झांडर बुस्टामांटे हे वडिलांचेच नातलग. त्यामुळे देशाचे राजकारण मायकेल यांना लहानपणापासून घरातच पाहायला मिळाले.

जमैका कॉलेजात शिक्षण झाल्यावर दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाले. युद्ध संपल्यावर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकले आणि लास्कींच्या समाजवादाचा ठसा त्यांच्यावर कायम राहिला. काही काळ बीबीसीसाठी मुक्त पत्रकारिता करून १९५१ च्या अखेरीस ते मायदेशी परतले आणि पब्लिक ओपिनियन या साप्ताहिकाचे सहसंपादक झाले. वसाहती राजवटीविरुद्ध मत घडवणारे हे पत्र पीएनपीच्या वर्तुळातले होते. मॅन्लींची पूर्णवेळ पत्रकारिता अल्पकाळच टिकली. पण किचकट आर्थिक प्रश्न सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत मांडण्याची हातोटी त्यांनी तिथे कमावली, आणि पुढच्या राजकारणात तीच त्यांची सर्वांत मोठी शक्ती ठरली.

१९५३ पासून त्यांनी नॅशनल वर्कर्स युनियनमध्ये ऊसमळ्यांच्या व साखर कारखान्यांच्या कामगारांची संघटना बांधली. बॉक्साइट खाणींतील मजुरांच्या वेतनवाटाघाटींत त्यांचा दबदबा निर्माण झाला. १९६४ मध्ये जमैका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने वृत्तविभागातील दोघांना कामावरून काढले, तेव्हा झालेल्या संपाचे नेतृत्व त्यांनी केले. संप तीन महिन्यांहून अधिक चालला. रस्त्यावर आडवे पडून वाहतूक रोखणाऱ्यांत ते स्वतः होते. बायबलमधील जेरिकोच्या तटबंदीचा दाखला त्यांनी भाषणात दिला आणि ती पाडणाऱ्या ‘जोशुआ’चे नाव लोकांनी त्यांनाच देऊन टाकले. संपाची मागणी मान्य झाली नाही. नाव मात्र जन्मभर चिकटले.

१९६२ मध्ये सिनेटर, १९६७ मध्ये किंग्स्टन सेंट्रलमधून लोकप्रतिनिधी आणि १९६९ मध्ये वडिलांच्या जागी पक्षाध्यक्ष, असा त्यांचा चढता प्रवास झाला. १९७२ च्या प्रचारात इथिओपियाचे सम्राट हाइले सेलासी यांनी भेट दिलेली काठी ते हाती धरत. सेलासींना दैवत मानणाऱ्या रास्ताफारी समाजाला आणि झोपडपट्टीतील तरुणांना त्या काठीचा अर्थ सांगावा लागत नव्हता. सभांतून डेलरॉय विल्सनचे ‘बेटर मस्ट कम’ वाजे. पीएनपीने ५३ पैकी ३७ जागा जिंकल्या.

पहिल्या कारकिर्दीतील सामाजिक कायदे हे मॅन्लींचे खरे काम होय. माध्यमिक व उच्च शिक्षण निःशुल्क झाले, प्रौढ साक्षरतेची देशव्यापी मोहीम निघाली, १९७५ मध्ये किमान वेतन ठरले आणि १९७९ मध्ये पगारी प्रसूतिरजेचा कायदा झाला. १९७६ च्या कायद्याने औरस-अनौरस हा भेदच संपवला. जमैकात बहुसंख्य मुले विवाहाबाहेर जन्मतात. तोवर त्यांना वारसाहक्कात कमी लेखले जाई आणि समाजात हिणवले जाई. या एका कायद्याने जितक्या माणसांची मान ताठ झाली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने झाली असेल.

पैसा उभा करण्यासाठी १९७४ मध्ये त्यांनी परकीय कंपन्यांच्या बॉक्साइटवर, ॲल्युमिनियमच्या बाजारभावाशी निगडित असा अधिभार बसवला. सरकारचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले. त्याच वर्षी पक्षाने ‘लोकशाही समाजवाद’ जाहीर केला. क्यूबाशी मैत्री, अलिप्ततावादी चळवळीतील पुढाकार आणि वर्णद्वेषविरोधी लढ्याला पाठिंबा यांमुळे वॉशिंग्टनची नाराजी वाढली; संयुक्त राष्ट्रांनी मात्र १९७८ मध्ये वर्णद्वेषविरोधी कार्यासाठी त्यांचा सुवर्णपदकाने गौरव केला.

१९७६ मध्ये आणीबाणी लागू असतानाच ६० पैकी ४७ जागा मिळाल्या. पण तेलाची भाववाढ, भांडवलाचे पलायन आणि सरकारचा वाढता खर्च यांनी तिजोरी रिकामी केली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी स्वीकारताच जमैकन डॉलरचे अवमूल्यन होऊन महागाई भडकली. याची झळ त्यांच्याच मतदारांना बसली. दोन्ही पक्षांच्या सशस्त्र टोळ्यांनी किंग्स्टनच्या वस्त्या वाटून घेतल्या होत्या. २२ एप्रिल १९७८ च्या शांतता मैफलीत रेगे गायक बॉब मार्लीने मॅन्ली आणि विरोधी नेते एडवर्ड सियागा यांचे हात रंगमंचावर एकत्र धरले, तरी रक्तपात थांबला नाही. १९८० च्या निवडणूक वर्षात सुमारे ८०० माणसे मारली गेली. त्याआधी, सप्टेंबर १९७९ मध्ये, विरोधात लिहिणाऱ्या ग्लीनर दैनिकाच्या कचेरीवर मॅन्लींनी मोर्चा नेला होता. वृत्तविभागातील दोघांसाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते. निवडणुकीत पीएनपीला केवळ ९ जागा मिळाल्या.

विरोधी बाकांवरील काळात त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली. जमैका : स्ट्रगल इन द पेरिफेरी (१९८२) मध्ये आपल्या राजवटीचा हिशेब मांडला. अ हिस्टरी ऑफ वेस्ट इंडीज क्रिकेट (१९८८) हा ग्रंथ क्रिकेटच्या आधारे कॅरिबियन समाजाचा इतिहास सांगतो. क्रिकेटवेड्या मराठी वाचकाने मॅन्लींची ओळख येथून करून घ्यावी.

१९८९ मध्ये ४५ जागा जिंकून ते परतले, तेव्हा धोरण पालटले होते. खासगीकरण झाले, परकीय चलनावरील निर्बंध उठले. जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांना हे रुचले नाही. प्रकृतीच्या कारणास्तव मार्च १९९२ मध्ये त्यांनी पद सोडले, पी. जे. पॅटरसन त्यांचे उत्तराधिकारी झाले.

प्रोस्टेटच्या कर्करोगाने किंग्स्टन येथे त्यांचे निधन झाले. नॅशनल हीरोज पार्कमध्ये त्यांची समाधी आहे. कॅरिबियन डाव्या चळवळीचे दुसरे अध्वर्यू, गयानाचे भारतीय वंशाचे अध्यक्ष छेदी जगन, यांचेही निधन त्याच दिवशी झाले.