मूठभर माती

गंगाखेडच्या घाटावर सकाळच्या प्रहरी उभे राहिले, तर दोन दृश्ये एकाच वेळी दृष्टीस पडतात. गोदावरीच्या पाण्यात कोणी आपल्या आप्ताच्या अस्थी सोडीत असतो. ज्याचे नाव काल घरात वावरत होते, त्याची शेवटची खूणही प्रवाह घेऊन जातो. आणि त्याच गावात जनाबाईंच्या समाधीपुढे कोणी मस्तक टेकवून बसलेली असते. एकीकडे देहाचा मागमूस उरू नये अशी इच्छा, दुसरीकडे शतकानुशतके जपलेली एक जागा. मृतांविषयीच्या या दोन वृत्ती परस्परविरोधी दिसतात. तथापि आपल्या समाजात त्या फार प्राचीन काळापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

हिंदू म्हणजे दहन, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु अथर्ववेदाच्या 18 व्या कांडात पितरांना आवाहन करताना पुरलेले, टाकून दिलेले, जाळलेले आणि उंचावर ठेवलेले, असे चारही प्रकारचे पितर बोलाविले आहेत. ऋग्वेदाच्या 10 व्या मंडलातील अंत्यसूक्तात तर, आई जशी पदराने लेकराला झाकते तसे या मृताला झाकून घे, अशी भूमीची प्रार्थना आहे. ज्या कवीला ही उपमा सुचली, त्याच्या लेखी पुरणे म्हणजे टाकणे नव्हे. ते आईच्या स्वाधीन करणे होते.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीनेही याची साक्ष दिली आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तेथे सुमारे 3000 वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली, आणि त्या घरांच्या जमिनीखाली त्यांचे मृतही सापडले. तान्ह्या मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत व त्यांत निजवीत. प्रौढांना उताणे पुरीत. परंतु पुष्कळांचे पाय घोट्याच्या वर तोडलेले आढळतात. मृताने उठून निघून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये, म्हणून हे केले असावे, असा तर्क विद्वानांनी केला आहे. तो खरा असेल तर त्यात भय आहे, तसाच लोभही आहे. ज्याची भीती वाटते त्याला कोणी स्वतःच्या अंथरुणाखाली ठेवीत नाही. हे आपलेच माणूस, ते घरातच राहावे, ही त्यामागची व्यथा आजही ओळखू येण्यासारखी आहे.

पुढे दहनाची रीत रूढ झाली, तरी दोघांना अग्नी देत नसत : अगदी लहान मुलाला आणि संन्याशाला. मूल अद्याप संस्कारांच्या कक्षेत आलेले नसे. संन्यासी त्या कक्षेच्या पलीकडे गेलेला असे. त्याने अग्नीचा त्याग जिवंतपणीच केलेला असतो, म्हणून मृत्यूनंतर त्याला अग्नी नाही. त्याला पद्मासनात बसवून, भोवती मीठ घालून भूमीत ठेवतात. मराठवाड्यातील लिंगायत समाजात तर सर्वांनाच, गृहस्थ असो वा जंगम, अशी बसती समाधी मिळते; हातावर इष्टलिंग असते. जो मान इतरत्र यतीलाच लाभतो, तो येथे साऱ्या भक्तांना दिलेला आहे.

‘समाधी’ या शब्दाकडेच पाहा. योगशास्त्रात ती चित्ताची अवस्था आहे, थडगे नव्हे. 1296 साली आळंदीस ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली आणि नामदेवांनी त्या प्रसंगाचे अभंग रचले, तेव्हापासून मराठी मनात हे दोन अर्थ एकजीव झाले. अशीच गोष्ट दुसऱ्या एका शब्दाची. परभणी शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे. दरवर्षी फेब्रुवारीत तेथे उरूस भरतो व हिंदू-मुसलमान दोघेही त्याला लोटतात. ‘उर्स’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ विवाह. संताचा मृत्युदिन हा त्याच्या परमप्रियाशी मीलनाचा दिवस, ही सूफींची कल्पना. एकाने मृत्यूला ध्यान म्हटले, दुसऱ्याने लग्न म्हटले; मृत्यू मात्र दोघांनीही म्हटले नाही.

परंतु मातीची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. यतीला पुरणे हा गौरव होता. दरिद्र्याला पुरणे ही पुष्कळदा निरुपायाची गोष्ट होती. सरणाला लाकूड नाही, आणि गावाच्या स्मशानातही सर्वांना सारखी जागा नाही. क्रिया एकच, पण एकाच्या देहावर चौथरा उठे आणि दुसऱ्याच्या देहावर पावसाळ्यात गवत उगवे. म्हणून एखाद्या समाजाने मृतांना जाळले की पुरले, एवढे विचारून इतिहास कळत नाही. कोणाची जागा लक्षात ठेवली आणि कोणाची पुसू दिली, हे विचारावे लागते.

या प्रश्नाला आपल्या परंपरेने एक उत्तर दिले आहे. परंपरेनुसार 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळले व त्याखाली चोखामेळा इतर मजुरांसह गाडले गेले. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातील अस्थींपैकी ज्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या, अशी खूण पटवून त्यांनी त्या पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापुढे समाधी बांधिली. ही कथा चमत्कार म्हणून सोडून देऊ नये. ज्याला जिवंतपणी देवळाचा उंबरा ओलांडता आला नाही, त्याच्या हाडांना उंबऱ्यापर्यंतच जागा मिळाली, आत नाही. भक्तीने केवढे साधले आणि समाजाने किती थोडे दिले, या दोहोंचे माप ती समाधी आजही दाखवीत उभी आहे.

हे करणारे नामदेव मूळचे नरसीचे. ते गाव 1999 साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. आणि त्यांच्या घरची दासी जनाबाई गंगाखेडची. नामदेवांनी 1350 साली महाद्वाराच्या पायरीशी देह ठेवला, तेव्हा जनाबाईही त्याच ठिकाणी विसावल्या, असे पंढरपूरची परंपरा सांगते. गंगाखेडकर त्यांची समाधी आपल्या गावी पूजतात. खरी कोणती, हा वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. लहानपणी जिला घरच्यांनी परक्या दारी ठेविले, जिने आयुष्यभर दुसऱ्याचे दळण-कांडण केले, तिच्यासाठी आज दोन गावे ‘ती आमची’ म्हणून जागा धरून बसली आहेत, हेच मला मोठे वाटते. तिचे अभंग जात्यावर गाइले गेले नसते, तर यांपैकी एकही दगड उभा राहिला नसता.

घाटावरच्या त्या अस्थी वाहून जातात, तेव्हा कोणी मोठ्याने रडत नाही. नाव मात्र हळूच उच्चारतो. देहाला माती मिळो वा पाणी, शेवटी माणूस राहतो तो कोणाच्या तरी ओठांवर. परंतु त्या ओठांनी ज्याचे नाव कधी घेतलेच नाही, त्याला निदान मूठभर माती तरी मानाने मिळावी, एवढे ऋण जिवंतांवर आहे. आणि ते अद्याप फिटलेले नाही.