स्त्रियांच्या संस्थांना पैसा कोठून मिळाला?



आपल्या मंडळाच्या बैठकीत गेले वर्षभर एकच विषय पुन्हा पुन्हा निघतो आहे. बालवाडीच्या खोलीचे छप्पर गळते, ते नवे करावयाचे तर पैसा आणावयाचा कोठून? काही भगिनी म्हणतात, सरकारी अनुदानासाठी अर्ज करू, कंपन्याही हल्ली पैसे देतात, त्यांनाही विचारू. दुसऱ्या म्हणतात, परक्याचा पैसा घेतला की मिंधेपणा आला. आपली वर्गणी बरी आणि आपण बऱ्या. दोन्ही बाजूंनी तळमळीने बोलले जाते, पण निर्णय मात्र होत नाही. म्हणून असे वाटले की, आपल्या आधी ज्यांनी स्त्रियांसाठी संस्था काढल्या त्यांनी हा प्रश्न कसा सोडविला, हे एकदा नीट पाहावे. आपण काही पहिल्याच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात हे सारे घडून गेले आहे.

प्रथम पंडिता रमाबाईंचे उदाहरण घेऊ. त्या अमेरिकेत गेल्या आणि तेथे १८८७ साली त्यांनी हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते वाचून व त्यांची भाषणे ऐकून बोस्टन शहरातील लोकांनी त्याच वर्षी 'रमाबाई असोसिएशन' स्थापन केली आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे पैसे देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले. परदेशातून आलेला एवढा मोठा पैसा स्त्रियांच्या संस्थेला मिळाल्याचे हे आपल्याकडील फार जुने उदाहरण आहे.

पण त्या पैशाबरोबर दोन गोष्टी आल्या. एक अट होती की, शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार होऊ नये. त्या अटीवरूनच पुढे वाद पेटला. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात असा आरोप झाला. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. या वादात कोणाचे बरोबर हे ठरविण्यासाठी मी हे लिहीत नाही. अट लहान दिसली तरी तिच्यावर संस्थेचा जीव टांगलेला असतो, एवढेच यातून घ्यावे. दुसरी गोष्ट मुदतीची. दहा वर्षे म्हणजे दहाच वर्षे. ती १८९८ साली संपली. रमाबाई मोठ्या दूरदृष्टीच्या. मुदत संपण्याच्या आधीच त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, झाडे लावली, म्हणजे पुढेमागे संस्थेला स्वतःचे उत्पन्न व्हावे. १८९६-९७ च्या दुष्काळात अनाथ स्त्रिया आणि मुली मोठ्या संख्येने आल्या तेव्हा त्यांना ठेवावयास जागा होती, ती याच शेतावर. मुक्तिसदन उभे राहिले ते तेथेच.

शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. १८९३ साली त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो. अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. त्यांना पैसा गोळा करण्याची हातोटी आधीपासूनच होती. १८८६ साली त्यांनी आपल्या मुरूड गावासाठी 'मुरूड फंड' काढला. नोकरीस लागलेल्या गावकऱ्यांनी आपल्या पगारातील थोडा भाग गावाच्या कामास द्यावा, अशी ती योजना होती. मोठा दाता शोधीत न बसता, मिळवते हात मोजावेत व प्रत्येकाकडून थोडे घ्यावे, हा धडा त्यांनी तेव्हाच गिरविला.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हा सुरुवातीस स्वतःच्या शिलकीतील एक हजार रुपये घातले. त्या काळी हजार रुपये म्हणजे संसारी मास्तरांच्या दृष्टीने केवढी रक्कम! पुढे रावबहादूर गोखले यांनी पुण्याजवळ हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यास साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तेथे झोपडी उभी राहिली आणि आश्रम तेथे गेला. येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी स्वतःचे हजार, मग दुसऱ्याची जमीन. जमीन हाती येण्याची वाट पाहात आश्रम थांबला नव्हता.

हिंगण्याच्या आश्रमासाठी ज्यांनी दारोदार हिंडून पैसा आणला त्यांत पार्वतीबाई आठवले यांचे नाव आपण विसरता कामा नये. त्या बाया कर्व्यांच्या भगिनी. लहान वयात वैधव्य आले, शिक्षण उशिरा झाले. तरीही आश्रमाच्या वर्गणीसाठी त्या गावोगाव गेल्या, सभांतून बोलल्या. पुढे १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी धड येत नसता तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमासाठी पैसा जमविला आणि १९२० साली परत आल्या. आपल्यापैकी पुष्कळ जणींना वाटते की, अर्जविनंती करणे, मोठ्या माणसांपुढे बोलणे हे शिकलेल्या बायकांचे काम आहे. पार्वतीबाईंच्या चरित्रापुढे हा आक्षेप टिकत नाही. संस्थेचे काम ज्याला आतून माहीत असते त्याचे बोलणे देणाऱ्याला पटते, मग त्याची भाषा साधी का असेना.

आता सर्वांत मोठ्या देणगीकडे वळू. १९१६ साली अण्णासाहेबांनी महिला विद्यापीठ सुरू केले. कॉलेजात मुली पाच. चार वर्षे अण्णासाहेब देशभर हिंडून लहानमोठ्या देणग्या गोळा करीत होते. याच सुमारास मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगाच्या प्रवासात जपानला गेले आणि तेथील स्त्रियांचे विद्यापीठ त्यांनी पाहिले. १९२० साली त्यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. ती अशा रीतीने होती की, पंधरा लाखांच्या साडेतीन टक्क्यांच्या सरकारी रोख्यांवरील व्याजाइतकी, म्हणजे साल ५२,५०० रुपये, रक्कम विद्यापीठास मिळावी. विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले; तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ. पुढे १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. सरकारने कायद्याने मान्यता दिली ती १९५१ साली, म्हणजे स्थापनेनंतर पस्तीस वर्षांनी. सरकारची मोहोर उमटेपर्यंत लोकांच्या पैशावरच ते चालले.

पंधरा लाखांची गोष्ट सांगताना आपण नेहमी दात्याचे औदार्य सांगतो, आणि ते सांगावेच. परंतु १९१६ ते १९२० ही चार वर्षे मधून काढून टाकली तर ती देणगी कोणाला दिली असती? जपानातले विद्यापीठ पाहून आलेल्या माणसास दाखविण्याजोगे पुण्यात काही तरी चालू होते, म्हणून पैसा तेथे गेला.

सरकारी अनुदानाची हकिकतही जुनीच आहे. १८५४ साली विलायतेहून आलेल्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घातली. तपासनीस येणार, पट पाहणार, हिशेब पाहणार आणि मग पैसे मिळणार, हा शिरस्ता तेव्हापासूनचा. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांच्या व मुलांच्या कामासाठी १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले. दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्षा. त्या मूळच्या आंध्रच्या. मद्रासेत १९३७ साली आंध्र महिला सभा काढून त्यांनी संस्था चालविण्याचा अनुभव घेतला होता आणि त्याच १९५३ साली आपले कोकणचे चिंतामणराव देशमुख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या मंडळाने गावोगावच्या बालवाड्या, शिवणवर्ग, वसतिगृहे यांना अनुदाने दिली. अलीकडे सरकारने ते मंडळ आवरते घेतले. ज्यांनी केवळ त्याच्याच अनुदानावर घर मांडले होते त्यांना दुसरी सोय पाहण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

अनुदान थांबल्यावर काय होते याचे उदाहरण साताऱ्याकडे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातील मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. 'मुष्टिफंड' म्हणून एक रीत त्यांनी पाडली होती. घरोघरच्या बायकांनी मूठ मूठ धान्य संस्थेसाठी बाजूला काढावयाचे. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले तेव्हा संस्था मोडेल असे अनेकांना वाटले. ती मोडली नाही. लोकांनी पैसा दिला आणि पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले. मूठभर धान्य देणाऱ्या घरांना ती संस्था आपली वाटत होती. ते आपलेपण कोणत्याही सरकारी हुकमाने देता येत नाही आणि काढूनही घेता येत नाही.

देणगी मुळीच न घेणाऱ्या स्त्रियाही होऊन गेल्या. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी गच्चीवर पापड लाटावयास घेतले. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने आणलेले. फुकटची मदत घ्यावयाची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरविले. तेच आजचे लिज्जत पापडाचे महिला गृहउद्योग. पण एक फरक ध्यानात ठेवावा. पापड विकता येतात. बालवाडी विकता येत नाही. जे काम आपली किंमत आपण वसूल करू शकत नाही, त्याला वर्गणी, देणगी किंवा अनुदान यांवाचून मार्ग नाही. म्हणून लिज्जतच्या भगिनींचा बाणा घ्यावा, त्यांची रीत मात्र जशीच्या तशी घेता येणार नाही.

आता आजच्या मार्गांविषयी थोडे. कोणाकडेही हात पसरण्यापूर्वी संस्था कागदावर पक्की असावी लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याने नोंदणी आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, हा पहिला पाया. दरवर्षी हिशेब तपासून घेऊन तेथे सादर करावयाचा. देणगीदारास आयकरात सवलत मिळावयाची असेल तर आयकर खात्याकडे निराळी नोंदणी लागते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या नफ्याच्या कंपन्यांवर बंधन घातले की, मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. हे १ एप्रिल २०१४ पासून सुरू झाले. हा पैसा घेऊ इच्छिणाऱ्या संस्थांना २०२१ पासून सरकारकडे त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते. परदेशातील पैसा घ्यावयाचा तर केंद्र सरकारची परवानगी हवी. ती नसता एक रुपयाही घेता येत नाही. रमाबाईंच्या काळी बोस्टनचा पैसा सरळ आला, तसा आता येणार नाही.

या सगळ्या कागदांची भीती वाटते हे खरे. पण आपण घरी दूधवाल्याचा, वाण्याचा, भिशीचा हिशेब ठेवतोच. संस्थेचा हिशेब म्हणजे तेच, फक्त पावतीसह. वर्गणीची पावती फाडली, खर्चाची पावती चिकटवली आणि महिन्याला शिल्लक मोजून दोघींनी सही केली, तर वर्षअखेरीस हिशेबनीसाला काम सोपे जाते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. परक्याचा पैसा घ्यावा की न घ्यावा? इतिहास पाहता माझे मत असे झाले आहे की, घ्यावा. पण तीन गोष्टी आधी कराव्यात. पहिली, छपराच्या खर्चाचा काही भाग आपण सभासदांनीच उभा करावा. निम्मा नाही जमला तर चौथा हिस्सा. त्या रकमेची पावती अर्जाला जोडली की देणाऱ्यास कळते की, या बायका स्वतःही देतात. दुसरी, अटींचा कागद सर्व सभासदांपुढे मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सही व्हावी. खोलीस नाव कोणाचे, पैसा किती वर्षांत खर्चावयाचा, उरला तर काय करावयाचे, हे सारे आधी समजले पाहिजे. तिसरी, अनुदान छपरासाठी घ्यावे, पण बाईंच्या पगारासाठी त्यावर अवलंबून राहू नये. छप्पर एकदाच घालावयाचे असते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. अनुदान आटले तर छप्पर जागेवर राहील, पण पगार थांबला तर बालवाडी बंद पडेल आणि पस्तीस मुले घरी बसतील. बाईंचा पगार आपल्या वर्गणीतूनच निघाला पाहिजे, मग ती वर्गणी थोडी वाढवावी लागली तरी चालेल.

ज्या भगिनी मिंधेपणाला भितात त्यांची भीती खोटी नाही आणि ज्या अर्ज करा म्हणतात त्यांची घाईही खोटी नाही, कारण पावसाळा काही आपल्या बैठकीसाठी थांबत नाही. पुढील मासिक सभेत या तीन गोष्टींचा ठराव मांडण्याचा माझा विचार आहे. तोपर्यंत प्रत्येकीने आपण किती देऊ शकू तो आकडा मनाशी ठरवून यावे, एवढीच सर्वांना विनंती आहे.