नव्या चित्रकलेची ओळख

पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यांत नव्या चित्रकलेचा विषय काढला कीं, बहुधा एकच प्रश्न ऐकूं येतो: "हें चित्र आहे तरी कशाचें?" प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

येथून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर मळवली हें लहानसें स्टेशन आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत काढलेला छापखाना पुढें त्या गांवीं आला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी गरिबांच्याही घरीं पोंचल्या. छायाप्रकाशानें देह खराखुरा भासविण्याची ती पाश्चात्य रीत. १८५७ सालीं निघालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंतही तिचेंच शिक्षण प्रामुख्यानें मिळे. परिणामीं, हुबेहूब साधलें तेंच उत्तम चित्र, असें आपलें मत पक्कें झालें.

युरोपांत मात्र हें मत तोंवर डळमळूं लागलें होतें. हुबेहूब प्रतिमा आतां कॅमेरा देऊं लागला; मग चित्रकारानें काय करावें? इंप्रेशनिस्ट चित्रकारांनीं १८७४ सालीं पॅरिसमध्यें आपलें पहिलें प्रदर्शन भरविलें व क्षणोक्षणीं पालटणारा उजेड हाच चित्राचा विषय केला. १९०७ नंतर पिकासो व ब्राक हे एकाच वस्तूच्या अनेक बाजू एका फलकावर मांडूं लागले. यासच घनवाद म्हणतात.

येथील कारागिरास याचें नवल वाटूं नये. यंत्राच्या भागाचें ड्रॉइंग त्याच्या हातीं येतें, तेव्हां समोरची, वरची व कडेची बाजू एकाच कागदावर असते. डोळ्यांस तीं एका वेळीं तशीं कधींच दिसत नाहींत. तरी तो त्या कागदास खोटा म्हणत नाहीं. ड्रॉइंगमध्यें या बाजू मापासाठीं अलग ठेवतात, घनवादी त्या एकमेकींत गुंफतो, हा भेद मात्र ध्यानांत ठेवावा.

आपल्याकडे १९४७ सालीं मुंबईंत सूझा, आरा, हुसेन, रझा, गाडे व शिल्पकार बाकरे या सहा जणांनीं 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' स्थापन केला. पंढरपुरास जन्मलेले हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरीत. आरा यांनीं परक्या घरीं चाकरी केली, मोटारी धुतल्या आणि उरल्या वेळांत चित्रें काढलीं. युरोपीय शैलींबरोबर आपलीं जुनीं शिल्पें व लघुचित्रेंही या मंडळींपैकीं कित्येकांनीं अभ्यासिलीं. १९४९ सालीं त्यांचें प्रदर्शन झालें. पुढें कांहीं परदेशीं गेले व १९५६ च्या सुमारास संघ मोडला. नागपुरास जन्मलेले गायतोंडे १९५० सालीं त्यांत आले होते. त्यांनीं कालांतरानें माणसें व वस्तू अजिबात वगळून केवळ रंगाच्या थरांनीं चित्र उभें केलें. आजचें मांडणशिल्प तर फलकही सोडून वापरलेल्या वस्तू खोलींत मांडतें.

म्हणून नव्या चित्रापुढें घटकाभर उभें राहावें. रेषा कोठें जाड झाली, कोणता रंग पुढें येतो, कोणता मागें सरतो, हें पाहावें. न आवडल्यास खुशाल तसें म्हणावें. पण "हें आपल्यासारख्यांसाठीं नव्हे" असें कोणा कामगारानें मुलांस सांगूं नये. मुंबईचें जहांगीर कलादालन १९५२ सालापासून उघडें आहे, आणि आंत जाण्यास तिकीट पडत नाहीं.