टेलोमिअर
गुणसूत्राच्या टोकाला संरक्षक टोपीसारखा असणारा डीएनएचा भाग म्हणजे टेलोमिअर. पेशीच्या प्रत्येक विभाजनागणिक तो झिजतो. फार आखूड झाला की विभाजन थांबते. प्रयोगशाळेतील सामान्य मानवी पेशी ठरावीक वेळाच विभागतात, हे लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले होते. त्यामागचे कारण ही झीज. ती भरून काढणारे टेलोमरेज हे विकर १९८४ मध्ये एलिझाबेथ ब्लॅकबर्न व कॅरोल ग्रायडर यांना तळ्यातल्या एका एकपेशीय जीवात सापडले. जॅक शोस्टाक यांच्यासह त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. मग हेच विकर देऊन वार्धक्य का रोखू नये? अडचण अशी, की बहुतेक कर्करोगांच्या पेशी याच विकराच्या बळावर अमर्याद वाढतात. अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झालेले इमेटेलस्टॅट हे औषध टेलोमरेजला रोखते. रक्तनिर्मिती बिघडवणाऱ्या एका विकारावर ते दिले जाते.