टिळक, फुले आणि रामा शेट्टी : सदाशिव अमरापूरकर यांची कारकीर्द

१/ लोकमान्य टिळक आणि महात्मा फुले. स्त्रीशिक्षण आणि जातिव्यवस्था या प्रश्नांवर एकोणिसाव्या शतकातील पुण्याने पाहिलेल्या दोन परस्परविरोधी भूमिका. पडद्यावर या दोघांनाही साकारणारा नट बहुतेकांना आठवतो तो मात्र खलनायक म्हणून. हा धागा सदाशिव अमरापूरकर यांच्याविषयी.

२/ जन्म ११ मे १९५०, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर). पुणे विद्यापीठातून त्यांनी इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेतले. पण ओढा रंगभूमीकडे होता. १९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा चित्रपट आला. रँडच्या वधावरील या चित्रपटात टिळकांची भूमिका अमरापूरकरांनी केली.

३/ पुढे 'हँड्स अप' या नाटकातील त्यांचे काम गोविंद निहलानी यांनी पाहिले आणि १९८३ च्या 'अर्धसत्य'मध्ये त्यांना रामा शेट्टी दिला. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि समोर ओम पुरी यांचा सबइन्स्पेक्टर वेलणकर.

४/ रामा शेट्टीचे वेगळेपण कशात होते? 'शोले'तील गब्बर दऱ्याखोऱ्यांत राहत होता, 'शान'मधील शाकाल बेटावर. रामा शेट्टी शहरात, घरात बसून शांतपणे बोलतो. कायदा आपले काही बिघडवू शकत नाही हे त्याला ठाऊक असते, म्हणून आवाज चढवण्याची त्याला गरजच पडत नाही. गुन्हेगारी आणि राजकारण यांचे साटेलोटे प्रेक्षकांनी त्या थंड नजरेत पाहिले. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

५/ यशाची किंमतही लगेच चुकवावी लागली. व्यावसायिक हिंदी चित्रपटांनी त्यांच्यातला खलनायक तेवढा उचलला. 'हुकूमत' (१९८७) गाजला आणि त्याच धाटणीच्या भूमिकांची रांग लागली. नटाची ताकद ओळखायची आणि मग तीच पुन्हा पुन्हा विकायची, ही चित्रपटधंद्याची जुनी रीत.

६/ याच काळात दूरदर्शनने त्यांना वेगळी वाट दिली. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' (१९८८-८९) या ५३ भागांच्या मालिकेत ते महात्मा फुले झाले. चित्रपटगृहात ज्याचा तिरस्कार करायचा, तोच माणूस घरातल्या छोट्या पडद्यावर सत्यशोधक म्हणून समोर आला.

७/ १९९१ साली महेश भट्ट यांच्या 'सडक'मध्ये त्यांनी कुंटणखाना चालवणारी तृतीयपंथी 'महाराणी' रंगवली. फिल्मफेअरने खलनायकासाठी स्वतंत्र पारितोषिक सुरू केले आणि त्याचे पहिले मानकरी अमरापूरकर ठरले. अभिनय निःसंशय जबरदस्त होता. मात्र आज ती भूमिका पाहताना, तृतीयपंथी व्यक्तीला भयाचे प्रतीक बनवण्याची त्या काळच्या हिंदी चित्रपटाची सवयही नजरेआड करता येत नाही.

८/ १९९५ हे एकच वर्ष त्यांचा आवाका सांगायला पुरे आहे. 'कुली नं. १'मध्ये ते विनोदी शादीराम घरजोडे होते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी'त मात्र ते मामा होते. हा मामा भाचीला कमाईसाठी मुंबईला नेतो आणि ती देहविक्रयात ओढली जाते. 'महाराणी'चा थयथयाट इथे औषधालाही नाही. गरिबीने गांजलेला हा साधा नातेवाईक पाहताना अधिक अस्वस्थ व्हायला होते.

९/ पडद्याबाहेर डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्याबरोबर ते सामाजिक कृतज्ञता निधीच्या कामात होते. सामाजिक कार्यकर्त्यांना आधार देणारा हा निधी उभारण्यासाठी कलावंतांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले. फुल्यांची भूमिका करणारा नट परिवर्तनाच्या चळवळीशी असा जोडलेला होता.

१०/ २०१३ च्या 'बॉम्बे टॉकीज'मधील दिबाकर बॅनर्जी यांच्या कथेत ते एका अयशस्वी नटाच्या दिवंगत नाट्यगुरूच्या रूपात दिसले. वाट्याला आलेले काम क्षणभराचे असले तरी ते जीव ओतून करावे, हेच त्या कथेचे सूत्र. ३ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले.

११/ पारितोषिकांच्या यादीत रामा शेट्टी आणि महाराणी नोंदले गेले. टिळक, फुले आणि 'दोघी'तला मामा त्या यादीत नाहीत. केवळ यादीवरून इतिहास लिहिला, तर अमरापूरकर निम्मेच उरतात. चरित्र अभिनेत्याचा इतिहास शोधायचा तर त्याच्या छोट्या भूमिकाही पाहाव्या लागतात.